निखाऱ्याकडे बघा, पाण्याकडे नको

मे महिन्यातली रात्र होती. साडेदहाला वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला, "जरा वर येता का? आणि ते बोटाला लावायचं मशीन असेल तर घेऊन या." कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर आमच्या ड्रॉवरमध्ये अजून आहे. तो घेऊन गेले. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा दिवाणावर आडवा पडला होता. दोनदा उलटी झालेली, डोकं ठणकतंय, उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधारी. बोटाला मशीन लावलं. ऑक्सिजन ९८, नाडी १२४.

"ऑक्सिजन तर छान आहे," वहिनी म्हणाल्या. मलाही हायसं वाटलं. बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल, पित्त खवळलं असेल, असं म्हणत त्या लिंबू सरबत करायला आत गेल्या. माझं लक्ष मात्र त्याच्या टीशर्टाच्या वासाकडे गेलं. गुलकंदाचा, पानाचा, गोड गोड वास. हळूच विचारलं, तसं त्याने सांगून टाकलं. मित्राचे आईवडील गावाला गेले होते. चौघे मित्र, एक हुक्का, एसी लावलेली बंद खोली. वास बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीला टॉवेल लावलेला. दोन-अडीच तास. "पण काकू, हर्बल होता. तंबाखू नव्हतीच त्यात."

आम्ही त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी त्याला रागावून काही विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "कोळसा किती वेळा बदललात?"

वहिनींना तो प्रश्न विचित्र वाटला. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, मला तो बरोब्बर मर्मावर बोट ठेवणारा वाटला. हुक्का आणि हृदय यांचा विषय निघाला की सगळे तंबाखूबद्दल बोलतात, पाण्याबद्दल बोलतात, फ्लेवरबद्दल बोलतात. वर ठेवलेल्या निखाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही.

जळतं काय, शिजतं काय

हुक्का वरून खाली बघत येऊ. सगळ्यात वर मातीची किंवा सिरॅमिकची चिलीम. तिच्यात चिकट, ओलसर, गोड मसाला भरलेला असतो. अरबीत त्याला 'मुअस्सल' म्हणतात, म्हणजे मध घातलेला. तंबाखू, गुळाची काकवी किंवा मध, ग्लिसरीन आणि फळाफुलांचा अर्क असं ते मिश्रण. चिलमीवर भोकं पाडलेली ॲल्युमिनियमची फॉइल ताणून बसवतात आणि त्या फॉइलवर पेटते कोळसे ठेवतात. नळीने ओढलं की बाहेरची हवा निखाऱ्यावरून वाहत मसाल्यात शिरते, तिथून दांड्यातून खाली उतरते, पाण्यात बुडबुडे काढते आणि नळीतून तोंडात येते. त्या बुडबुड्यांच्या आवाजावरून आपल्याकडे याला गुडगुडी म्हणतात.

आता एक फरक नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सिगारेट एकदा पेटवली की स्वतःच जळत राहते. हुक्क्यातला ओला मसाला स्वतः जळूच शकत नाही. तो भाजावा लागतो, तव्यावर काहीतरी परतत ठेवावं तसा. त्यासाठी वर सतत निखारा हवा, आणि तो विझत आला की दुसरा. म्हणजे हुक्क्याच्या प्रत्येक झुरक्यात दोन धूर एकत्र असतात. एक मसाल्याचा, सुवासिक. दुसरा कोळशाचा. दुसऱ्याला फारसा वास नाही, चव नाही, म्हणून तो आहे हेच कळत नाही.

बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे दोन धूर वेगळे करून मोजले. एकदा चिलीम कोळशाने तापवली, एकदा विजेच्या हीटरने, आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. २००८ साली त्यांचे निष्कर्ष आले. हुक्क्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडपैकी सुमारे ९० टक्के एकट्या कोळशातून येत होता. कर्करोगाला कारण ठरणाऱ्या काही रसायनांचाही मोठा हिस्सा कोळशाचाच होता.

कार्बन मोनॉक्साइड आपल्याला परका नाही. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, ही बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो. खिडकी नसलेल्या बाथरूममधल्या गॅस गीझरचीही अशीच बातमी असते. तोच हा वायू. शेगडी निदान खोलीच्या कोपऱ्यात असते. हुक्क्यात आपण शेगडीला नळी लावून ती ओढतो.

थोडं विषयांतर करते. हिंदुस्थानात या सवयीच्या वाटेवर दख्खन लागतं. असद बेग नावाचा अकबराचा एक अधिकारी आदिलशाही विजापूरला गेला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिली आणि १६०४-०५च्या सुमारास ती सजवलेल्या नळीसकट बादशहापुढे नेली. त्याच्याच वृत्तान्तात पुढे असं येतं की अकबराने दोन-तीन झुरके घेतले आणि दरबारी हकिमाने त्याला पुढे ओढू दिलं नाही. म्हणजे आपल्याकडे हुक्क्याची तक्रारही हुक्क्याइतकीच जुनी आहे. पण त्या काळची तंबाखू कडक होती, घसा जाळणारी. आजची लाट निराळी आहे. १९९०च्या दशकात गोड, फळांच्या चवीचा तयार मुअस्सल डब्यांतून विकला जाऊ लागला, काडी लावताच पेटणारे कोळसे आले, कॅफे आले आणि म्हाताऱ्यांची गुडगुडी पोरांच्या हातात गेली. लेबनॉनमध्ये तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या पाहणीत साधारण एक तृतीयांश जणांनी गेल्या महिन्याभरात हुक्का ओढल्याचं सांगितलं होतं. आपल्याकडे आकडे बरेच कमी आहेत. सवयीचं वय मात्र तेच आहे.

पाणी काय करतं?

माझ्या वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मे हात वर येतात, "फिल्टर करतं, मॅडम!"

पाणी खरोखर करतं ते एकच काम, धूर गार करतं. थोडंसं निकोटिन त्यात विरघळतं, धुरातले काही कणही अडकतात, पण फार थोडे. कार्बन मोनॉक्साइड तर पाण्यात जवळपास विरघळतच नाही. सोड्याच्या बाटलीत विरघळलेला असतो तो कार्बन डायऑक्साइड, त्याचा स्वभाव वेगळा. मोनॉक्साइडचा बुडबुडा पाण्याच्या तळाशी शिरतो आणि जसाच्या तसा वर येतो.

धूर गार होणं ही मात्र मोठी गोष्ट आहे. सिगारेटचा धूर पहिल्यांदा ओढणाऱ्याला ठसका लागतो, घसा नको म्हणतो. गार, ओलसर, गोड धुराला घसा नको म्हणत नाही. मग झुरका लांब होतो, छातीच्या तळापर्यंत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात हे आकड्यांत मांडलं आहे. एक सिगारेट म्हणजे पाच-सात मिनिटं आणि आठ ते बारा झुरके, मिळून अर्धा लिटरभर धूर. हुक्क्याची एक बैठक २० ते ८० मिनिटांची, ५० ते २०० झुरक्यांची, आणि एकेक झुरका पाव-अर्ध्या लिटरचा, कधी लिटरभरही. गुणाकार तुम्हीच करा.

यावरून "एक हुक्का म्हणजे शंभर सिगारेटी" हे वाक्य सगळीकडे फिरत असतं. ते धुराच्या आकारमानापुरतं खरं आहे, सगळ्या बाबतीत नाही, आणि मुलांशी बोलताना हा फरक सांगायला हवा. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. एका सिगारेटच्या तुलनेत हुक्क्याच्या एका बैठकीत धूर सुमारे १२५ पट, टार (धुरातला चिकट, काळा अंश) २५ पट, कार्बन मोनॉक्साइड १० पट आणि निकोटिन अडीच पट. सिगारेट ओढणारा दिवसाला वीस ओढू शकतो, हुक्क्याच्या बैठका मात्र मोजक्याच होतात, हेही त्यांनीच नोंदवलं आहे. मुलं हुशार असतात. आपण फुगवून सांगितलेला एक आकडा त्यांनी पकडला, की उरलेले नऊ खरे आकडेही ती सोडून देतात.

एसटीतली जागा

आता हृदयाकडे येऊ. रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं. त्याला एसटीची गाडी समजा. प्रत्येक हिमोग्लोबिनमध्ये चार जागा, ऑक्सिजनच्या चार प्रवाशांसाठी. फुफ्फुस हा स्टँड. तिथे प्रवासी चढतात आणि शरीरभर जिथे गरज असेल तिथे उतरतात.

कार्बन मोनॉक्साइड हा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा प्रवासी आहे. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणून हवेत तो अगदी थोडा असला तरी जागा त्यालाच मिळते, आणि एकदा बसला की स्टँडमागून स्टँड जातात, उतरत नाही. साध्या हवेत श्वास घेत असताना त्याचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच चार ते सहा तास लागतात.

एवढ्यावर भागत नाही. एक-दोन जागा मोनॉक्साइडने अडवल्या की हिमोग्लोबिनचा आकारच असा बदलतो की उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही सहजी सुटत नाही. म्हणजे गाडीत प्रवासी कमी, आणि जे आहेत तेही आपल्या थांब्यावर उतरेनात.

याचा सगळ्यात मोठा फटका हृदयाला का बसतो? पायाचा स्नायू घ्या. आरामात असताना तो आपल्याकडे येणाऱ्या रक्तातला थोडासाच ऑक्सिजन काढून घेतो. धावायला लागला की जास्त काढतो. त्याच्याकडे शिल्लक असते. हृदयाच्या स्नायूचं तसं नाही. तो झोपेतसुद्धा राबत असतो, म्हणून आरामाच्या वेळीच आपल्या रक्तातला साधारण ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतो. अडीअडचणीला काढायला फारसं उरलेलंच नसतं. त्याला जास्त ऑक्सिजन हवा असेल तर मार्ग एकच, जास्त रक्त यायला हवं.

आणि नेमकं तेव्हाच निकोटिन येऊन उभं राहतं. ते शरीराकडून ॲड्रिनलिन सोडवून घेतं. बैठकीनंतर नाडी मिनिटाला दहाच्या आसपास ठोक्यांनी वाढते, रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आवळतात. हृदयाचं काम वाढलेलं, आणि त्याला पोचणारा ऑक्सिजन कमी झालेला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ साली हुक्का आणि हृदयविकार यांवर स्वतंत्र निवेदन काढलं, त्यातल्या चिंतेचा गाभा हाच आहे.

किती मोनॉक्साइड जातो? धूम्रपान न करणाऱ्या माणसाच्या रक्तात हिमोग्लोबिनच्या एक-दोन टक्के जागा त्याने अडवलेल्या असतात. प्रयोगशाळेत, मोकळ्या हवेशीर खोलीत हुक्का ओढायला दिला तेव्हा एका बैठकीनंतरची वाढ एका सिगारेटनंतरच्या वाढीच्या तिप्पट भरली. पण ती प्रयोगशाळा. बंद खोली, चार जण, तासन् तास बसणं असं झालं की आकडा चढत जातो. हुक्क्यानंतर चक्कर येऊन, बेशुद्ध पडून रुग्णालयात आलेल्या तरुणांच्या रक्तात वीस-तीस टक्के जागा अडवलेल्या सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत अनेक आहेत.

पोरं ज्याला 'बझ' म्हणतात, 'किक बसली' म्हणतात, त्यात निकोटिनचा हात असतोच. पण डोकं हलकं होणं, हातपाय सैल पडणं, किंचित गरगरणं ही विषबाधेची पहिली पायरीही आहे. मेंदूला ऑक्सिजन कमी पडतोय, हेही त्या मजेचं एक कारण.

९८ का दिसला?

आता तो ऑक्सिमीटर. तो बोटातून दोन प्रकाश सोडतो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लालभडक असतं, ते लाल प्रकाश फारसा अडवत नाही. ऑक्सिजन नसलेलं गडद असतं, ते अडवतं. बोटाच्या पलीकडे किती प्रकाश पोचला त्यावरून मशीन टक्केवारी काढतं. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालभडकच दिसतं. साध्या ऑक्सिमीटरला दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. गाडी भरलेली आहे एवढंच त्याला दिसतं, आत कोण बसलंय ते दिसत नाही.

म्हणून आमच्या वहिनींच्या घरी ९८ दिसले. हे मला वर्गात शिकवता येतं, आणि तरी त्या रात्री दोन मिनिटं मी त्या आकड्यावर विसंबले. हे इतक्या तपशिलात लिहिण्याचं कारण तेच. महाराष्ट्रात अनेक घरांत आज ऑक्सिमीटर आहे. हुक्का, शेगडी, गॅस गीझर, जनरेटर यांतलं काहीही जवळपास असेल आणि माणसाला डोकेदुखी, उलटी, गुंगी असेल, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते, आणि ती करायची हे डॉक्टरांना सुचण्यासाठी हुक्क्याचं नाव त्यांना सांगावं लागतं.

फसगत इथेच थांबत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. वाहिनी कधी सैलावायची, कधी आवळायची, हे तो ठरवतो. हा थर बिघडणं ही हृदयविकाराची पहिली पायरी मानतात. तो किती कामसू आहे हे तपासायची एक साधी पद्धत आहे. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं. रक्ताचा लोंढा आला की निरोगी वाहिनी रुंदावते. ती किती रुंदावली हे सोनोग्राफीवर मोजायचं.

कॅलिफोर्नियातल्या मेरी रेझ्क-हॅना आणि सहकाऱ्यांनी तरुण हुक्काबाजांवर हा प्रयोग केला आणि २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. कोळशाचा हुक्का ओढल्यावर वाहिनी उलट जास्तच रुंदावली. कुणाला वाटावं, वा, हुक्का तर चांगलाच! पण तोच मसाला कोळशाऐवजी विजेवर तापवला, मोनॉक्साइड बाजूला काढला, तेव्हा वाहिनीची रुंदावण्याची ताकद स्पष्टपणे घटली. म्हणजे इजा झालेलीच होती. मोनॉक्साइड स्वतः वाहिन्या सैलावतो, म्हणून ती इजा झाकली जात होती.

मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. वास गोड, घशाला त्रास नाही, ऑक्सिमीटर म्हणतो ठीक, रक्तवाहिनीही वरवर म्हणते ठीक. शरीरातल्या धोक्याच्या एकेका घंटेवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं आहे. पोरांना "त्रास होतच नाही" असं वाटतं, त्यात त्यांचा दोष नाही.

सोळाव्या वर्षीच काळजी का?

सोळा वर्षांच्या मुलाला उद्या हृदयविकाराचा झटका येणार नाही. तशी भीती घालू नये, ती खोटी ठरते आणि आपला शब्दही खोटा ठरतो. प्रश्न उद्याचा नाही.

१९५३ साली कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. सरासरी वय बावीस. तीनशे जणांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त जणांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा होत्या. तोपर्यंत हा म्हातारपणचा आजार मानला जायचा. पुढे लुइझियानातल्या बोगालुसा गावात १९७३पासून मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. अपघाताने वा अन्य कारणाने गेलेल्या पंधरा ते चौतीस वयाच्या जवळपास तीन हजार जणांच्या धमन्याही दुसऱ्या एका अभ्यासात तपासल्या गेल्या. सगळ्यांतून निघालेली गोष्ट एकच. धमनीच्या भिंतीत चरबीच्या रेघा किशोरवयातच उमटायला लागतात आणि धूम्रपान करणाऱ्यांत त्या जास्त असतात.

यात आपल्या माणसांसाठी आणखी एक ओळ आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षाच्या आसपास आला, बाकीच्यांना ५९च्या जवळ. आपल्याकडे मुळात पाच-सहा वर्षं कमीच आहेत. त्याच अभ्यासात २००६ साली तंबाखूच्या सगळ्या प्रकारांचा हिशोब मांडला, तेव्हा हुक्का ओढणाऱ्या प्रौढांत झटक्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघालं.

दुसरं कारण मेंदूचं. तो पंचविशीपर्यंत घडत असतो आणि घडत्या मेंदूत निकोटिन लवकर घर करतं. मुलं म्हणतात, "आम्ही फक्त शनिवारी ओढतो." जॉर्डनमधल्या इर्बिद शहरात २००८ साली सातवीतल्या मुलांपासून सुरू करून काही वर्षं पाठपुरावा केला गेला. हुक्का ओढणाऱ्या मुलांमध्ये पुढे सिगारेट सुरू करण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. शनिवारचा हुक्का शनिवारपुरता राहतोच असं नाही.

हर्बल, आणि कायदा

"हर्बल होता" या वाक्याचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. तंबाखू काढली की निकोटिन जातं. कोळसा तिथेच असतो. तंबाखू असलेल्या आणि नसलेल्या मसाल्यांचा धूर शेजारी शेजारी तपासला तेव्हा निकोटिन सोडून बाकी सगळं, मोनॉक्साइड, टार, फुफ्फुसाला झोंबणारी रसायनं, साधारण सारखंच निघालं. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा आजारी पडला तो याच हर्बल हुक्क्याने. आणि विजेवर चालणारा ई-हुक्का हा उपाय समजू नका, त्यावर देशभरात २०१९च्या कायद्याने बंदीच आहे.

महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर २०१८ साली बंदी आली, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. त्याआधी, २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४ जण गेले होते. हुक्क्याच्या निखाऱ्यातून उडालेल्या ठिणग्या हे तिचं संभाव्य कारण चौकशीत नोंदवलं गेलं. तिथेही निखाराच. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने खाद्यगृहाच्या परवान्यात हर्बल हुक्का बसत नाही असंही स्पष्ट केलं.

बंदी हवीच होती, असं माझं मत आहे. पण तिच्यामुळे हुक्का हवेशीर गच्चीवरच्या कॅफेतून मित्राच्या बंद बेडरूममध्ये, फार्महाऊसवर, गाडीत गेला आहे, आणि मोनॉक्साइडसाठी बंद खोली ही सगळ्यात वाईट जागा. हे आईबापांनी ध्यानात ठेवायला हवं. तिथे पोलीस पोचणार नाहीत. तिथे पोचेल ती फक्त माहिती.

तर, हुक्क्यानंतर कुणाला डोकेदुखी, मळमळ, गुंगी असेल तर आधी मोकळ्या हवेत आणा. झोपू देऊ नका, "उतरेल आपोआप" म्हणू नका. बेशुद्धी, छातीत दुखणं, बरळणं असेल तर १०८. दवाखान्यात मास्कने शुद्ध ऑक्सिजन देतात. साध्या हवेत चार-सहा तास घेणारा मोनॉक्साइड त्याने तास-दीड तासात निम्म्यावर येतो. खोलीत बसलेल्या बाकीच्यांनाही फोन करा. ज्याने ओढला नाही पण जो तिथे बसला होता, त्याच्याही श्वासात तीच हवा गेलेली असते. आणि सवय सुटत नसेल तर तंबाखू सोडवण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, १८००-११-२३५६.

त्या रात्री डॉक्टरांच्या प्रश्नाला त्या मुलाने लगेच उत्तर दिलं. त्यात रागावणं नव्हतं, म्हणून असेल. "चारदा. नाही, पाचदा. शेवटी तीन कोळसे एकदम ठेवले होते." मग खोली केवढी, खिडकी उघडी होती का, आणखी कोण होतं, तेही सांगितलं. रक्ताची तपासणी आली, मोनॉक्साइडने १८ टक्के जागा अडवलेल्या. पहाटेपर्यंत तो मास्क लावून पडला होता. ईसीजी ठीक होता, नाडी हळूहळू खाली येत होती.

मध्येच मास्क बाजूला करून तो आईला म्हणाला, "माझ्या फोनवरून बाकी तिघांना फोन कर ना." वहिनींनी एकेकाला फोन लावला. दोघांनी उचलला, दोघांचंही डोकं दुखत होतं. तिसरा फोन उचलत नव्हता, तेव्हा रात्री दीड वाजता त्याच्या वडिलांना उठवून त्यांनी सांगितलं, "आधी त्याला जागं करा, खिडक्या उघडा आणि इकडे घेऊन या. रागवायचं ते उद्या."